आधी माती बघा

स्टॅनमोर म्हणजे लंडनच्या ज्युबिली लाइनचं वायव्येकडचं शेवटचं स्टेशन. इथे आमच्या घरामागच्या बागेत शनिवारी सकाळी आसपासच्या मराठी घरांतली पाच ते आठ वर्षांची मुलं जमतात आणि मी त्यांच्याबरोबर पर्माकल्चरचे छोटे छोटे उपक्रम करते. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी ऑस्ट्रेलियात १९७८ साली पुस्तकरूपाने हा विचार मांडला: जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि जे पिकेल ते वाटून घेणं. होल्मग्रेन यांनी पुढे बारा तत्त्वं सांगितली. त्यातलं पहिलं निरीक्षणाचं आहे. मुलांच्या बाबतीत मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हणून नवीन मूल आलं की त्याच्या हातात मी लगेच बी देत नाही. आधी माती देते.

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालायची, वर पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून हलवायचं आणि बरणी खिडकीत ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, तिच्यावर हळूहळू गाळ साचतो. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसतं. आमच्या बागेतल्या मातीची बरणी अशीच गढूळ राहिली. टेकडीवर राहणाऱ्या एका मुलाने त्याच्या अंगणातली माती आणली होती. तिच्यात तळाशी खड्यांचा आणि वाळूचा जाड थर बसला. भूगर्भशास्त्रात टेकडीवरच्या या खडीच्या थराला ‘स्टॅनमोर ग्रॅव्हल’ असंच नाव आहे आणि त्याच्या खाली लंडनची चिकणमाती पसरलेली आहे. पाऊस पडल्यावर आमच्या बागेत पाणी का तुंबतं आणि टेकडीवर ते का मुरतं, हे मुलांनी दोन बरण्या शेजारी ठेवून आपापसांत ठरवलं. मला काही सांगावं लागलं नाही.

मग वाफ्यात पाणी तुंबू नये म्हणून काय करायचं, हा प्रश्नही त्यांचाच झाला. आम्ही वाफे उंच केले, त्यांवर पुठ्ठा आणि कंपोस्ट पसरलं. पुठ्ठ्याच्या कडा उचलून खाली गांडुळं आली का ते बघणं हा मुलांचा सगळ्यात आवडता उद्योग. सुरुवातीला किंचाळून मागे सरणारी मुलगी आता ओल्या हाताने गांडूळ उचलते, कारण कोरड्या हाताने त्याच्या कातडीला त्रास होतो हे तिला माहीत आहे.

इथली थंडी सोसतील अशा ब्रॉड बीन्स आम्ही नोव्हेंबरमध्ये पेरतो. मे महिन्यात त्या फुलोऱ्यावर आल्या की एकच रोप मुळासकट उपटायचं आणि मुळं पाण्यात हलके धुवायची. मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडली की आत गुलाबी रंग असतो. या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला देतात आणि गाठ गुलाबी असली म्हणजे काम चालू आहे. एका मुलाची आजी सांगली जिल्ह्यातून आली होती. ती गाठी बघून म्हणाली, “आम्ही बाजरी पेरताना मधे मधे तुरीची ओळ धरायचो, ते ह्याच्यासाठीच की!” मग पुढचा अर्धा तास मुलं आजींभोवती बसली आणि मी त्यांच्यातलीच एक झाले.

शेंगा मोजक्याच येतात, त्यामुळे भांडण ठरलेलं. आम्ही सगळ्या शेंगा एका परातीत सोलतो. मुलं दाणे मोजतात: बियाण्याला किती, शिजवायला किती, न आलेल्या मित्राला किती. बियाण्याचा वाटा सगळ्यात आधी बाजूला काढायचा हा नियम त्यांनीच केला. वाटून घेण्याचं तत्त्व सांगून कळत नाही. हातात सातच दाणे असताना ते कळतं.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, तो साध्या माणसानेही आपल्या जागेत प्रयोग करावा, मोजावं आणि शेजाऱ्याला सांगावं, या भरवशावर. मुलांना तर हे जन्मतःच येतं. आपण घाईने उत्तरं देऊन ते घालवतो. म्हणून पालकांना माझी एकच विनंती असते: मूल मातीपाशी बसलं की त्याला बसू द्या.

दर शरदात आम्ही ओकची पानं गोणीत भरतो, ओली करतो, गोणीला भोकं पाडतो आणि कुंपणाशी ठेवतो. त्यांचं काळं, भुसभुशीत खत व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. सहा वर्षांच्या मुलासाठी हा काळ फार मोठा असतो, तरीही मी तो कमी करायला जात नाही. प्रत्येक गोणीवर भरणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. ज्याने भरली त्यानेच ती उघडायची, आणि ते खत त्याच वाफ्यात घालायचं जिथे पुढच्या वर्षी येणारी लहान मुलं पहिलं बी पेरणार आहेत.