कॅसेटचे दात

फुंकर मारली की कॅसेट चालते, हे खरं नाही. तोंडातल्या हवेत वाफ असते, थुंकीचे बारीक कण असतात. त्याने तांब्यावर गंज चढतो आणि वर्षा-दोन वर्षांत हिरवी पुटं दिसायला लागतात. निन्टेंडो कंपनी स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायची, की फुंकू नका. पण आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, तो छातीवर हात ठेवून सांगेल की फुंकल्यावर गेम सुरू व्हायचा. व्हायचाही. फुंकायला म्हणून कॅसेट बाहेर काढली जायची आणि परत खोचली जायची. त्या काढण्या-घालण्यात धातूच्या पट्ट्या एकमेकींवर घासून थोडा मळ निघायचा, कॅसेट थोडी वेगळी बसायची. गुण घासण्याचा असायचा, नाव मात्र फुंकरीचं व्हायचं.

मला हे पहिल्यांदा आतेभावाने सांगितलं. त्याला मी दादा म्हणतो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तेव्हा तो सातवीत असेल. "फुकू नगं. त्येच्या दाताला कीड लागती," एवढंच त्याचं स्पष्टीकरण होतं. कॅसेटच्या तोंडात दिसणाऱ्या त्या पिवळ्या पट्ट्यांना आम्ही दात म्हणायचो. पुढे तीस, मागे तीस.

आमच्या यंत्राला नाव नव्हतं. खोक्यावर कुठल्यातरी परदेशी पोराचं चित्र आणि 'टीव्ही गेम' एवढी अक्षरं. २००३ साली आत्याने ते सांगलीकडच्या एका साखर कारखान्याजवळच्या आठवडी बाजारातून आणलं. आत्या आणि मामा ऊसतोडीला जायचे, वडवणी तालुक्यातून. दिवाळी झाली की ट्रॅक्टर गावात यायचे आणि पाडव्याच्या आसपास लोक परतायचे. तेवढे महिने दादा आमच्याकडे धारूरला राहायचा, कारण माझे वडील शिक्षक आणि घरात टीव्ही, लाईट, शाळा जवळ. यंत्र आणलं ते दोघांसाठी, पण आत्याच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून ते आमच्याकडेच राहिलं. ते कुणाचं, यावर आमची भांडणं व्हायची आणि त्या भांडणात दादा कधीच "मपल्या आईनं आणलंय" असं म्हणायचा नाही. हे मला फार उशिरा जाणवलं.

यंत्र म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची चिनी नक्कल. मूळ यंत्रातली वेगवेगळी चिप इथे एकाच काळ्या थेंबाखाली दडपलेली. कॅसेट उघडली तरी तेच: हिरव्या पाटीवर डांबरासारखा वाळलेला एक ठिपका, त्याखाली चिप, आणि तिच्यापासून निघालेल्या रेषा दातांपर्यंत. आपण कॅसेट म्हणतो त्याला इंग्रजीवाले हसतात, पण जपानातही पोरं कॅसेटच म्हणायची. कव्हरवर '९९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात गेम वीस-बावीस, बाकी सगळी त्यांचीच पुन्हा पुन्हा लावलेली नावं. मारिओचा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं सुप्रभातचं गुलाबाचं फूल याहून जड असतं.

लोडशेडिंग ही वेगळी कथा. आमच्या जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र, आणि आम्ही रोज तासन्‌तास अंधारात. वीज यायची तीही कधी मंद, कधी जोरात. त्यामुळे बिघाड कॅसेटचा की अ‍ॅडॉप्टरचा हे आधी ठरवावं लागायचं. दादाची रीत सोपी होती. चित्र सगळंच लाटेसारखं हलतंय तर अ‍ॅडॉप्टर. चित्र स्थिर आहे पण चुकीचं आहे, तर दात. आजही कुणी मला विचारलं तर मी याहून वेगळं सांगणार नाही.

आता मुख्य गोष्ट. २००८च्या हिवाळ्यात, दादा नववीत असताना, त्याने एक उद्योग केला. ताईची चिकटपट्टी घेतली, ब्लेडने तिच्या बारीक चिंध्या कापल्या आणि चांगल्या चालणाऱ्या कॅसेटच्या दातांवर एकेक, दोनदोन करून चिकटवत गेला. चिकटवायची, खोचायची, काय बिघडतं ते बघायचं, काढायची. माझं काम होतं वहीत लिहिणं, कारण माझं अक्षर बरं होतं. बिघडलेली कॅसेट नीट कशी करायची हे कळत नाही, तर नीट असलेली पद्धतशीर बिघडवून बघू, असा त्याचा हिशोब. मी आज ज्या कंपनीत काम करतो तिथे चालू सर्व्हर मुद्दाम पाडून बघणारी एक स्वतंत्र टीम आहे आणि तिला चांगला पगार आहे.

चार-पाच दिवसांत वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. दातांच्या रांगेचे दोन अर्धे होते. एका अर्ध्यात पट्टी लावली की गेम सुरूच व्हायचा नाही, नुसता एकरंगी पडदा. दुसऱ्या अर्ध्यात लावली तर गेम चालू, आवाज चालू, बटणं चालू, फक्त चित्रांचा काला. गाडीच्या जागी अक्षरं, झाडाच्या जागी विटा. कधी सगळ्या चित्रांवर ठरावीक अंतराने उभ्या रेघा. आणि मागच्या रांगेत अगदी मधोमध दोन दात असे, की ते झाकले तर सगळं ठीक, फक्त आवाज गायब. दादाने ताईच्या नेलपॉलिशने कॅसेटच्या पाठीवर एक लाल रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे 'चालायचे', पलीकडे 'दिसायचे'. त्यानंतर बिघडलेली कॅसेट आली की तो आधी तिला खोचून बघायचा, आणि मग ज्या बाजूचा रोग त्याच बाजूला खोडरबर फिरवायचा. गल्लीतली पोरं कॅसेटा घेऊन यायची. एका कॅसेटचा एक रुपया.

पण मारिओ नियम पाळायचा नाही. 'दिसायच्या' बाजूच्या काही दातांवर पट्टी लावली तर चित्रं बिघडून गेम चालायला हवा. बाकीचे गेम चालायचे. मारिओ पहिल्याच पडद्यावर गोठून बसायचा, कुठलंही बटण दाबा. दादाने हे पाच-सहा वेळा करून बघितलं आणि वही मिटली. "मपलं कायतरी चुकतंय," म्हणाला. मला तेव्हा वाटलं, एका गेमने काय होतंय. त्याला तसं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी मामाचा पाय ट्रॉलीखाली आला. उचल घेतलेली होती. कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको मिळून एक. एकटीचा कोयता होत नाही आणि उचल फेडल्याशिवाय मुकादम सोडत नाही. दादा दहावीत होता. माझे वडील आणि आत्या माजघरात बराच वेळ बोलत होते आणि आम्हाला बाहेर बसवलं होतं. मग दादाने दप्तरातली माझी कंपासपेटी मला परत दिली आणि दोन दिवसांनी तो आईबरोबर गेला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली तेव्हा तो कागलकडे कुठेतरी उसाच्या फडात होता. वडील त्याच्याबद्दल "हुशार होता" असं म्हणतात. भूतकाळात. मी त्यांना एकदा टोकलं, तर म्हणाले, "मग काय म्हणू?"

तो चार हंगाम गेला. २०१३च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्रसुद्धा पाण्यावाचून बंद पडलं, त्या उन्हाळ्यात त्याने बीडला मोबाईल रिपेअरिंगचा तीन महिन्यांचा क्लास केला. आता वडवणीत त्याचं दुकान आहे.

मी औरंगाबादला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा मायक्रोप्रोसेसरचा विषय आला. अ‍ॅड्रेस बस, डेटा बस, फळ्यावर जाड बाणांनी काढलेली आकृती. सगळ्या वर्गाने ती पाठ केली. मला मात्र त्या बाणांच्या जागी दात दिसत होते. हॉस्टेलवर येऊन फॅमिकॉमच्या कॅसेटची पिनांची आकृती शोधली. या यंत्रात दोन स्वतंत्र बस आहेत: एक ६५०२ जातीच्या प्रोसेसरची, प्रोग्रॅम वाचायला, दुसरी चित्रं काढणाऱ्या चिपची, चित्रं वाचायला. कॅसेटच्या कडेवर पहिल्या अर्ध्यात प्रोग्रॅमच्या पिना आहेत, दुसऱ्यात चित्रांच्या. नेलपॉलिशची रेघ जिथे होती तिथेच. मधोमध असलेल्या ४५ आणि ४६ क्रमांकाच्या पिनांतून यंत्राचा आवाज कॅसेटमध्ये जातो आणि परत येतो, म्हणून तेवढ्या झाकल्या की मुका गेम. उभ्या रेघांचंही उत्तर होतं: प्रत्येक चित्र आठ ठिपके रुंद, एका बाइटमधला एक बिट म्हणजे एक ठिपका. एक तार तुटली की दर आठातला एक उभा स्तंभ नासतो.

मारिओचं उत्तर मिळायला अजून काही वर्षं गेली. लोकांनी त्या गेमचा प्रोग्रॅम उलगडून, ओळीओळीवर टिपा लिहून ठेवलाय. तो वाचताना सापडलं. मारिओत वरची गुणांची पट्टी जागेवर राहते आणि खालचं जग सरकतं. पट्टी कुठे संपली हे प्रोग्रॅमला कळायला एक युक्ती केलीय. वरच्या नाण्याच्या चित्रामागे एक बारीकसा ठिपका लपवलाय. पडदा रंगवताना तो ठिपका आणि नाणं एकमेकांवर आले की चित्राची चिप एक खूण वर करते, आणि प्रोग्रॅम त्या खुणेची वाट बघत थांबतो. चित्रांच्या पिना अशा बिघडल्या की नेमका तो ठिपका नाहीसा झाला, तर खूण येतच नाही. प्रोग्रॅम ठणठणीत असतो, फक्त वाट बघत बसतो. कायमची.

म्हणजे दादाचा नियम बरोबर होता. या एका गेममध्ये 'चालणं' हे 'दिसण्या'वर अवलंबून होतं.

मी हे फोनवर सांगितलं नाही. गेल्या दसऱ्यानंतर गावी गेलो तेव्हा धारूरच्या माळ्यावरून यंत्र आणि अकरा कॅसेटा एका सिमेंटच्या गोणीत घालून वडवणीला नेल्या. दुकानात दादाकडे आता मायक्रोस्कोप आहे, हॉट एअर गन आहे. खोडरबर त्याने बाजूला सारलं. "त्यानं वरचा मुलामा जातो. मूळच्या जपानी मालावर सोनं असतंय, ह्येच्यावर नुसता नावाला." आयपीए, जुना टूथब्रश, मग कापूस. ब्रश दातांच्या लांबीत फिरवायचा, आडवा नाही, नाहीतर एका दाताचा मळ शेजारच्या फटीत जातो. कापसावर आधी काळं आलं, मग हिरवट, तिसऱ्या वेळी स्वच्छ. घातल्यावर लगेच चालू करायचं नाही, पाच मिनिटं वाळू द्यायचं. अकरापैकी आठ चालल्या. दोन काळ्या ठिपक्याखालीच मेलेल्या, त्यांना इलाज नाही. एकीचा दात मुळापासून उखडला होता, तिला त्याने केसाएवढी तांब्याची तार जोडली. ही तार जोडताना त्याने श्वास रोखून धरला, आणि माझ्याशी बोलणं तोडून तो पाच मिनिटं जणू तिथे नव्हताच.

मग मी मारिओची गोष्ट सांगितली. ठिपका, नाणं, खूण. तो ऐकत होता आणि मधेच त्याने ड्रॉवरमधून कॅप्टन टेप काढली, मोबाईलच्या पाटीवर लावतात ती पिवळी. चार प्रयत्नांत नेमके दात सापडले. मारिओ गोठला. तीच पट्टी तशीच ठेवून कॅसेटमधला गाडीचा गेम लावला, तो काल्यासकट पळाला. दादा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"म्हंजी त्यो वाट बगायलाय," तो म्हणाला.

"हो."

"आन्‌ तुला कालेजात चार वर्सं लागली व्हय ह्ये कळायला?"

"सात."

तो हसला. मग विचारलं, "ती वही हाय का रं?" वही नव्हती. धारूरचं घर रंगवताना रद्दीत गेली असावी, असं आई म्हणते. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने नवीन वही आणली, आणि तिला दात मोजायला बसवलं. तिने एकसष्ट मोजले. पुन्हा मोजायला सांगितलं.

त्या दिवसांत दुकानाला गर्दी असते. तोडीला जायच्या आधी लोक फोन नीट करून घेतात, कारण पुढचे सहा महिने फडात दुकान नाही आणि घरी ठेवलेल्या पोरांशी बोलायला तेवढाच फोन. बहुतेकांची तक्रार एकच, चार्जिंग होत नाही. माझ्यासमोर एक बाई आल्या, पदराला बांधलेला फोन सोडून काउंटरवर ठेवला. दादाने पोर्ट मायक्रोस्कोपखाली धरला. आत माती आणि काहीतरी चिकट. "काकू, फुकलं का ह्येच्यात?" "फुकलं की. रोजच फुकते." त्याने ब्रश आयपीएत बुडवला. मुलगी मारिओ खेळत होती, तिला आवाज कमी करायला सांगितलं. बाईंनी विचारलं किती होतील. तो म्हणाला पन्नास. त्या तीस म्हणाल्या, ट्रॅक्टर चौकात उभा आहे, लवकर कर.