सरावाचा मंगळवार

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लबवर सोडा’ असे सांगितले, तर रिक्षावाला अधिक काही न विचारता त्र्यंबक रस्त्यावरील मैदानापाशी आणून सोडतो. तेथे गोल्फ मात्र कोणी खेळत नाही. पहाटे मधुमेहाचे रुग्ण फेऱ्या घालतात, मुले क्रिकेट खेळतात, आणि एखाद्या हिवाळ्यात महाराष्ट्राचा रणजी सामनाही रंगतो. मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देऊनही बराच काळ लोटला. तरी लोकांच्या जिभेवर इंग्रजांनी मागे ठेवलेले नावच रुळले आहे. इंग्रज अमदानीत नाशिक हे गोल्फचे नावाजलेले ठाणे होते. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब हा नाशिकचाच. साहेब गेला, त्याच्या काठ्या गेल्या, शब्द तेवढा उरला.

गंगापूर रोडवरील आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांनाही गोल्फ या शब्दाचा एवढाच अर्थ ठाऊक. म्हणूनच आनंदवलीकडच्या एका घरी मोठा घोटाळा झाला. घरातला थोरला मुलगा पुण्याला मामाकडे गेला होता. त्याने आईला फोनवर सांगितले, “मी गोल्फ क्लबवर कामाला लागलो.” माउलीला वाटले, पोरगा नाशिकला परतला! तिने संध्याकाळी त्याच्यासाठी दोन भाकऱ्या अधिक थापल्या. रात्री उशिरा उलगडा झाला, की हा क्लब पुण्यात येरवड्याला आहे आणि मुलगा तेथे कॅडी आहे. कॅडी म्हणजे काय, याचा उलगडा व्हायला आणखी दोन दिवस लागले. आणि तो झाला तेव्हा बापाने मुलाशी बोलणे टाकले.

बाप सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस. बोलणे मोजके, हात विलक्षण नेमके. मुलाला त्याने आय. टी. आय.मध्ये टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करायला लावला होता. एका रविवारी मिस्सा संपल्यावर तो आमच्यापाशी आला आणि म्हणाला, “फादर, शिकलेला पोरगा दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन उन्हात फिरतो. माझ्या बापाने स्टेशनवर हमाली केली ती आम्ही पुन्हा तेच करावे म्हणून नाही. तुम्ही पुण्याला जाता, त्याला घेऊन या.” ते शब्द ऐकताना त्याची पत्नी दोन पावले मागे उभी होती. ती काही बोलली नाही. सहा महिने बापलेकांत फोन नव्हता, एवढे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते.

पुण्यातला तो भाग आम्हांला परका नाही. नगर रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी आहे. १९५५ साली ती श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आली आणि तिथेच आमची तत्त्वज्ञानाची व ईशज्ञानाची वर्षे गेली. त्या काळी सायकलीवरून येरवड्याकडे जाताना गोल्फच्या मैदानाचे कुंपण दिसे, आतली हिरवळ दिसे. आत जाण्याचे कारण कधी पडले नव्हते. ते या मुलामुळे पडले.

त्या आठवड्यात तेथे व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा होती. २००६ साली सुरू झालेल्या पीजीटीआय या संस्थेच्या देशभर फिरणाऱ्या दौऱ्यातलीच ही एक. मुलाने फोनवर सांगितले होते, “फादर, मंगळवारी या. मंगळवारी सराव असतो, बोलायला सवड मिळेल.” सवड फारशी मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी.

सरावाची फेरी हा प्रकार वाचकांना अपरिचित असेल. स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा होल. पहिल्या दोन दिवसांनंतर जे मागे पडतात ते गळतात आणि बक्षिसाच्या रकमेतला छदामही न घेता घरी जातात. तत्पूर्वी खेळाडू त्याच मैदानावर एक फेरी मारतात. तिच्यात गुण मोजत नाहीत. जिंकणे नाही, हरणे नाही. अमेरिकेत ऑगस्टा येथे १९३४ पासून मास्टर्स नावाची प्रख्यात स्पर्धा होते. तिच्या सरावाच्या दिवसांचीही तिकिटे सोडतीने काढावी लागतात, इतकी गर्दी. एरवी तेथे प्रेक्षकांना कॅमेरा नेण्यास मनाई, सरावाच्या दिवशी मात्र मुभा. सोळाव्या होलपाशी तळे आहे. तेथे लोक ओरडून आग्रह धरतात आणि मोठमोठे खेळाडू मुलांनी भाकऱ्या उडवाव्यात तसा चेंडू पाण्यावरून टप्पे घेत पलीकडे पाठवतात. येरवड्याला असले काही नव्हते. आमच्यासह पाच-सहा प्रेक्षक, झाडांवर कावळे आणि वरून अधूनमधून लोहगावला उतरणारी विमाने.

सकाळी सातच्या सुमारास आम्ही त्या तिघांमागे चालू लागलो: दोन खेळाडू आणि आमचा मुलगा. दुसऱ्या खेळाडूने आपली पिशवी चाकांच्या गाडीवर घातली होती. आमच्या मुलाच्या खांद्यावरील पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा काठ्या, चेंडू, छत्री, पाणी, टॉवेल असा संसार होता. तो आमच्याकडे पाहून किंचित हसला आणि पुन्हा कामाला लागला. हे आम्हांला आवडले. फादर आले म्हणून काम सोडून पाया पडायला धावला असता, तर आम्हांला चिंता वाटली असती.

पहिल्या होलवर खेळाडूने एक चेंडू दूर फटकावला. उत्तम गेला. लगेच दुसरा ठेवला आणि तो मुद्दाम डावीकडे झाडांत मारला. आम्हांला वाटले, चुकला. पण तो शांतपणे त्या झाडांत गेला आणि तेथून बाहेर पडण्याची वाट कशी सापडते ते पाहू लागला. पुढे वाळूच्या खड्ड्यापाशी, ज्याला बंकर म्हणतात, त्याने चेंडू वाळूवर टाकून बुटाने खाली दाबला. अर्धा चेंडू गाडला गेल्यावर तो तेथून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. एकदा वाळूच उडाली, चेंडू तेथेच. पुन्हा दाबला, पुन्हा मारला. पाचव्या खेपेला चेंडू बाहेर आला, तेव्हा तो मुलाशी काही पुटपुटला आणि मुलाने वहीत टिपून घेतले. मग मुलाने दाताळे घेऊन सगळी वाळू सारखी केली.

सर्वांत नवल वाटले ते ग्रीनवर. ग्रीन म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेली, गालिच्यासारखी हिरवळ. तिच्या मधोमध झेंडा रोवलेला, त्याखाली भोक. आम्ही वाट पाहत उभे, की आता चेंडू त्या भोकात जाईल. पण त्या भोकाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही! मुलगा ग्रीनच्या मागच्या कोपऱ्यात गेला आणि भोकाच्या आकाराची एक पांढरी चकती गवतावर ठेवली. खेळाडूने चेंडू तिकडे सरकवला. मग चकती उजव्या कडेला, मग पुढच्या उंचवट्यावर. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांना आम्ही याचे कारण विचारले. ते म्हणाले, “फादर, स्पर्धेच्या चारही दिवशी भोक रोज नव्या जागी कापतात. आजचे भोक गुरुवारी तेथे नसणार. ते कोठे असू शकेल याचा अंदाज घेऊन तेथे सराव करायचा.” आणखी एक नियम त्यांनी सांगितला: स्पर्धेच्या दिवशी आपली फेरी सुरू होण्यापूर्वी त्या मैदानावर सराव करण्यास बंदी असते. जे शिकायचे ते आधी.

तेथे उभे असताना आम्हांला सेमिनरीतल्या एका खोलीची आठवण झाली. गुरुदीक्षेपूर्वीचे महिने होते. आम्ही उपगुरू मिस्सा अर्पण करण्याचा सराव करीत असू. साधी मेजवेदी, अर्पण न होणारी ओस्ती, चषकात नुसते पाणी. भाविक म्हणून समोर चार वर्गबंधू, तेही परीक्षेच्या चिंतेत. उपासनाविधीचे आमचे प्राध्यापक वृद्ध व कडक होते. प्रार्थना नीट म्हटल्या, हात योग्य तेथे उचलले, यावर त्यांचे समाधान होत नसे. ते मध्येच म्हणत, “ओस्ती जमिनीवर पडली. आता?” किंवा “चषक कलंडला. आता काय कराल?” पवित्र रक्त सांडले तर ती जागा पाण्याने धुवावी आणि ते पाणी सॅक्रिस्टीतील त्यासाठी असलेल्या कुंडात ओतावे, हा नियम पुस्तकात आम्ही वाचला होता, पण गुडघे टेकून, कापड हातात घेऊन ते करून पाहण्याची सक्ती त्यांनी केली. काहींना हसू येई. पुढे एका खेड्यात नाताळच्या मध्यरात्री गर्दीत एका म्हाताऱ्या आजीच्या थरथरत्या हातांतून ओस्ती खाली पडली. आजी रडू लागली, लोक मागे सरले. आमचे हात मात्र आपोआप चालले, आणि आजीला धीर देण्यास मन मोकळे राहिले. ते केवळ त्या खोलीमुळे.

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या साधनाग्रंथाच्या आरंभीच आत्म्याच्या साधनेची तुलना चालण्याधावण्याच्या व्यायामाशी केली आहे. आम्हांला ती तुलना नेहमी थोडी सोपी वाटत आली. चालणे कोणालाही येते. बुटाने चेंडू वाळूत दाबून मग तो काढायला शिकणे, हे त्याहून आमच्या रोजच्या पापनिवेदनाच्या जगाजवळचे आहे, असे त्या मंगळवारी वाटले. असो, इग्नेशियस संत होते, आम्ही गंगापूर रोडचे फादर.

नवव्या होलवर एक लहानसा प्रसंग घडला. खेळाडू चेंडूपाशी थांबला व मागे न पाहता म्हणाला, “किती?” मुलाने वही उघडली. “एकशे बेचाळीस यार्ड. चढ आहे, दीडशे धरा. वारा अंगावर.” आणि त्याने एक काठी पुढे केली. तिशी ओलांडलेला, देशभर खेळून आलेला तो खेळाडू. त्याने काठी पाहिलीसुद्धा नाही. घेतली आणि मारली. चेंडू झेंड्यापलीकडे, चकती ठेवलेल्या कोपऱ्यात जाऊन थांबला. दोघांपैकी कोणीच आनंद दाखवला नाही. मुलाने फक्त वहीत एक बाण काढला.

फेरी संपल्यावर गोल्फ क्लब चौकात एका टपरीवर आम्ही चहा घेतला. आम्ही त्याला दिल्लीच्या अली शेर यांची गोष्ट सांगितली. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी असलेल्या या माणसाने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. २००९ साली ती जिंकणारे बंगळूरचे मुनियप्पा हेही एके काळी कॅडीच. हे सारे त्याला आमच्यापेक्षा अधिक माहीत होते. “ते खेळाडू झाले, फादर,” तो म्हणाला. “मला आकडा बरोबर सांगायचा असतो. माझ्या सांगण्यावरून चेंडू बरोबर पडला की मला रात्री चांगली झोप लागते.” मग थोडे थांबून विचारले, “बाबा कसे आहेत?”

आम्ही त्याला परत चल असे म्हणालो नाही. म्हणू नये असे ठरवून गेलो होतो असेही नाही. पण पोटापाण्याचे प्रश्न विचारले आणि उत्तरे फारशी समाधानकारक नव्हती. आठवड्याचे ठरलेले पैसे, खेळाडू चांगला खेळला तर बक्षिसातला वाटा. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, पावसाळ्यात कामाचा भरवसा नाही. मोटारी फाटकातून आत जातात आणि या मुलांच्या सायकली बाहेर उन्हात उभ्या असतात, हेही आम्ही पाहिले. या खेळात सचोटीच्या कथा पुष्कळ आहेत. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी कोणी पाहिले नसताना चेंडू हलल्याची कबुली देऊन स्वतःवर दंड घेतला आणि अखेर ती स्पर्धा गमावली. हे वाचून मन भरून येते. पिशवी उचलणाऱ्याच्या म्हातारपणाची सोयही कोणी त्याच सचोटीने पाहील, तर बरे होईल. तेव्हा बापाची काळजी खोटी आहे असे आम्ही कोठेही म्हणणार नाही.

गुरुवारी सायंप्रार्थना आटोपून आम्ही आनंदवलीला त्यांच्या घरी गेलो. मुलगा बरोबर नाही हे पाहून बाप काही बोलला नाही. खुर्ची पुढे केली. आम्ही पाहिलेले सांगत गेलो. चौदा काठ्या, वाळू, वही. आई मधूनच विचारी, “जेवतो का वेळेवर?” बाप खाली पाहत ऐकत होता. भोकाची गोष्ट आली तेव्हा त्याने मान वर केली.

“केवढे असते ते भोक?”

“एकशे आठ मिलिमीटर,” आम्ही म्हणालो. तो आकडा मुलानेच सांगितला होता.

“आणि चेंडू?”

“साधारण त्रेचाळीस.”

त्याने बोटांनी हवेत दोन्ही मापे धरली. लेथवर तीस वर्षे शतांश मिलिमीटर सांभाळलेली बोटे. “म्हणजे दोन्ही अंगांना बत्तीस-बत्तीस मिलिमीटर मोकळी जागा,” तो म्हणाला. “फादर, हे तर भलतेच ढिले काम. मग चुकतात कसे?”

“ते आम्हांला सांगता येणार नाही. तुमच्या मुलाच्या वहीत आहे,” आम्ही म्हणालो.

तो बराच वेळ बोटांमधल्या त्या अंतराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तुमचा मोबाईल द्या जरा. माझ्यातला बॅलन्स संपलाय.” त्याच्या पत्नीने तोंडाला पदर लावला. आम्ही नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिलो.