स्टॉकहोमचे पाणी आणि आईचे फडके

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात मेतकूट, लोणचे, पापड आणि चकल्यांचे डबे असायचेच. आमच्या आईच्या पिशवीतून ह्या सगळ्याशिवाय आणखी एक वस्तू निघाली. जुन्या सुती लुगड्याचे, चार घड्या घातलेले, धुऊन धुऊन मऊ पडलेले एक फडके.

"हे कशाला?" मी विचारले.

"पाणी गाळायला," आई म्हणाली आणि ते फडके तिने पुन्हा पिशवीच्या तळाशी जपून ठेवले.

ही गोष्ट २०१८ च्या ऑगस्टमधली. धाकट्या बहिणीचे बाळंतपण स्टॉकहोमला व्हायचे होते. आई सहा महिन्यांसाठी जाणार होती. पण वाटेत विमान बदलायचे ह्या कल्पनेने तिच्या पोटात गोळा येई. तेव्हा तिला पोहोचवण्याची कामगिरी माझ्याकडे आली. ऐन सत्रात पंधरा दिवसांची रजा मागितली, तेव्हा आमच्या प्राचार्यांनी, "बाळंतपणात मराठीच्या प्राध्यापकाचे काय काम?" असा प्रश्न विचारला. प्रश्न तर्काला धरून होता. मी मान खाली घातली आणि रजा मंजूर झाली.

स्टॉकहोमच्या घरात पहिल्याच सकाळी फडके प्रकट झाले. आईने ते पातेल्यावर घालून नळाचे पाणी त्यात धरले. आमचे जावई हळूच म्हणाले, "आई, अहो, इथं नळाचं पाणी तसंच पितात. मेलारेन सरोवरातून येतं, शुद्ध करून. गाळायची काही गरज नाही."

"असू दे. गाळलं म्हणून बिघडतं थोडंच?" आई म्हणाली.

जावई बिचारे गप्प बसले. मला मात्र गप्प बसवेना. "अगं, पुण्यात यंत्राच्या तोटीला फडकं बांधतेस, तिथं मी काही बोलत नाही. इथं तरी हा अडाणीपणा सोड," असे मी म्हणून गेलो. आईने काही उत्तर दिले नाही. पातेले भरले, फडके पिळले आणि खिडकीत वाळत घातले.

त्या फडक्यामागची हकीकत मला ठाऊक नव्हती असे नाही. आमचे मूळ गाव कृष्णाकाठचे. स्वातंत्र्याच्या आधी कधी तरी एका उन्हाळ्यात गावात पटकी आली आणि एका आठवड्यात आजीची दोन मुले गेली. माझे वडील त्यानंतरचे. तेव्हापासून आजीने न गाळलेल्या पाण्याचा थेंब घरात येऊ दिला नाही. आई लग्न होऊन घरात आली, तेव्हा सासूबाईंनी तिला कुलाचार सांगितले, त्यांत हा पहिला. ज्या दोन काकांना मी पाहिलेच नाही, त्यांचे ते एक प्रकारचे श्राद्धच आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी होत असे. हे सारे ठाऊक असून मी तो शब्द बोललो होतो.

असो. बहीण अजून मोकळी व्हायची होती आणि पुरुषमाणसाला घरात काम नव्हते. मी शहर पाहायला बाहेर पडलो.

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसले आहे. कुठल्याही रस्त्याने जा, थोड्या वेळाने समोर पाणी येते आणि मग पूल. सरोवराचे गोडे पाणी शहराच्या मधोमध राजवाड्याला वळसा घालून खळाळत बाल्टिक समुद्राला मिळते. त्या प्रवाहाच्या कठड्याशी मला गळ टाकून उभी असलेली माणसे दिसली. पलीकडे राजाचा वाडा, अलीकडे संसदेची इमारत आणि मधे हा गृहस्थ निवांतपणे माशाची वाट पाहतो आहे! क्रिस्तीना राणीच्या अमदानीत, १६३६ साली, ह्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क नागरिकांना मिळाला, तो आजही चालतो. येथे चक्क सामन मासा लागतो, आणि सामन काही गढूळ पाण्यात राहणारा प्राणी नव्हे. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर पोरेबाळे पोहत होती.

मला आमची मुठा आठवली. लकडी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसाने हे दृश्य पाहून काय करावे? मी तेथल्या बाकावर जरा वेळ बसून राहिलो.

पण हे पाणी पूर्वीपासून असे नव्हते. शंभर वर्षांपूर्वी शहराची सारी घाण ह्याच पाण्यात जात असे. सांडपाणी शुद्ध करण्याची पहिली केंद्रे १९३० नंतर उभी राहिली. १९४१ साली हेन्रिक्सदाल येथे डोंगराचा खडक पोखरून त्याच्या पोटात एक मोठे केंद्र सुरू झाले. पुढे १९७० च्या दशकात सांडपाण्यातला फॉस्फरस काढून टाकण्याची सोय झाली, तेव्हा कुठे पाणी निवळले. म्हणजे ही त्या भूमीला मिळालेली देणगी नव्हे. दोन पिढ्यांनी करभरणा करून कमावलेली मिळकत आहे.

एके संध्याकाळी जावई म्हणाले, "दादा, चला, आज तुम्हांला पाण्याचं नोबेल दाखवतो."

आम्ही नगरभवनापाशी गेलो. राग्नार ओस्टबेरी नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेली ही लाल विटांची इमारत १९२३ साली पुरी झाली. मनोरा १०६ मीटर उंच, त्यावर तीन सोनेरी मुकुट, आणि पायऱ्या थेट सरोवरात उतरलेल्या. नोबेल पारितोषिकाची मेजवानी येथेच होते. त्या दालनाचे नाव निळा दिवाणखाना. पण आत निळे काही नाही. भिंतींना निळा रंग द्यायचा बेत होता, तेवढ्यात वास्तुशिल्पज्ञाला उघड्या विटाच आवडल्या. नाव मात्र तसेच राहिले. आपल्याकडे नाव आधी आणि काम नंतर राहून जाते, तसाच काहीसा हा प्रकार.

दर ऑगस्टमध्ये ह्या शहरात जगभरचे जलतज्ज्ञ जमतात. स्टॉकहोम जल पुरस्कार १९९१ पासून दिला जातो. स्वीडनचे राजे कार्ल गुस्ताफ तो आपल्या हाताने देतात आणि त्याचा समारंभ ह्या नगरभवनात होत आला आहे. त्या वर्षीचे मानकरी होते अमेरिकेचे ब्रूस रिटमन आणि हॉलंडचे मार्क व्हान लूसद्रेख्त. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंकडूनच सांडपाणी साफ करून घेण्याची विद्या ह्या दोघांनी पुढे नेली. आम्हांला निमंत्रण अर्थातच नव्हते. आम्ही पाण्याकाठच्या बागेत बसलो आणि जावई आपल्या फोनवर आजवरच्या मानकऱ्यांची नावे वाचून दाखवू लागले.

पहिले नाव कॅनडाच्या डेव्हिड शिंडलर ह्यांचे. त्यांनी १९७३ साली ओंटारियोच्या रानातले, मधे चिंचोळे असलेले एक तळे निवडले, त्या चिंचोळ्या जागी पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकीकडे मात्र त्यात फॉस्फरसही मिसळला. थोड्याच काळात ती बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी निवळशंख राहिली. कपडे धुण्याच्या पावडरीतला आणि सांडपाण्यातला फॉस्फरस तळी कशी नासवतो हे त्या एका पडद्याने जगाला पटले आणि पुढे अनेक ठिकाणी कायदे बदलले. बाल्टिक समुद्राचे दुखणे थोडेफार हेच आहे; अजूनही उन्हाळ्यात तो शेवाळाने माखतो. शहर निर्मळ झाले, तरी समुद्राचे जुने ऋण फिटलेले नाही.

"आणि १९९३," जावई थांबले. "माधव चितळे!"

मी उडालोच. पुरस्काराच्या तिसऱ्याच वर्षी आपल्या पाटबंधारे खात्यातून पुढे आलेला, केंद्र सरकारचा जलसचिव झालेला मराठी अभियंता! २००५ च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, तिची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून मला चितळे ठाऊक होते. ह्या पुरस्काराची मात्र मला, एका मराठीच्या प्राध्यापकाला, खबर नव्हती. पुढे सुलभ शौचालयांचे बिंदेश्वर पाठक २००९ मध्ये, राजस्थानात जोहड बांधणारे राजेंद्रसिंह २०१५ मध्ये. छाती फुगत चालली होती, तेवढ्यात २०१० चे नाव आले.

रीटा कॉलवेल. अमेरिकन बाई, समुद्रातल्या जीवाणूंच्या अभ्यासक. पटकीचा जंतू खाडीच्या आणि नद्यांच्या पाण्यात मुळातच राहतो, कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो, आणि प्रतिकूल काळात निपचित पडून पुन्हा जागा होतो, हे त्यांनी दाखवले. आणि मग त्यांनी साधा विचार केला. जंतू गाळता येत नाही, पण तो ज्याच्या अंगावर बसला आहे तो प्राणी तर गाळता येईल? बांगलादेशातल्या ६५ खेड्यांत, सव्वा लाखाहून अधिक लोकांमध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तीन वर्षे करून पाहिले. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाळलेले पाणी पिणाऱ्यांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले होते.

"कशानं गाळलं?" मी विचारले. उत्तर मला बहुधा आधीच कळले होते.

"साडीनं. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली, असं लिहिलंय. धुऊन धुऊन सूत सैल होतं, त्यामुळे छिद्रं बारीक होतात."

समोर नगरभवनाचे दिवे पाण्यात उतरले होते. मी काही बोललो नाही. जावईही समजून गप्प राहिले.

घरी आल्यावर मी आईला सारे सांगितले. ती भाजी निवडत होती. शांतपणे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "मग बक्षीस बाईंना मिळालं की लुगड्याला?"

"बाईंना. त्यांनी मोजून दाखवलं."

"हं. आम्ही मोजलं नाही, ते आमचं चुकलंच," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझ्या आजीला मात्र मोजायची गरज नव्हती रे. दोन गेले, तेवढं मोजून तिला पुरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून तिच्याआधी पातेले मांडले आणि फडके धरले. तिने पाहिले, पण चेहऱ्यावर काही दाखवले नाही. आठवड्याने बहिणीला मुलगा झाला.

मी परतलो, तो गणपती तोंडावर आले होते. दरवर्षी निर्माल्याची पिशवी पुलावरून नदीत सोडून हात जोडायचे, ही माझी रीत. त्या वर्षी पिशवी हातात घेऊन मी पुलापर्यंत गेलो आणि परत फिरलो. अंगणात आंब्याखाली खड्डा खणून निर्माल्य त्यात घातले. एका पिशवीने मुठा निवळणार नाही, हे मलाही कळते. पण आईच्या चार घड्यांत प्राणी अडकतात. आमच्या मोऱ्यांतून आणि कारखान्यांतून पाण्यात विरघळून जे नदीला मिळते, ते कुठल्याही लुगड्यात अडकत नाही. ते गाळायचे तर स्टॉकहोमसारखा डोंगर पोखरावा लागतो, आणि त्याचा खर्च आपणच द्यायचा असतो.

त्या रात्री आईचा फोन आला. नातवाचे कौतुक सांगून झाल्यावर तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"पाणी गाळतोस ना?"

"गाळतो," मी म्हणालो. आणि ते खरे होते.