ओट्यामागची भिंत

घर घेताना सगळे सांगतात, कार्पेट एरिया बघ, पार्किंग बघ, ईएमआय झेपतोय का बघ. पण ओट्यामागची भिंत नीट बघ, असं काही कुणी सांगत नाही. कोथरूडच्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि आमचे मिस्त्री म्हणाले, “ताई, डॅडोला काय लावायचं?” मी बेधडक सांगून टाकलं, “गोव्याच्या निळ्या टाइल्स!”

मिस्त्री गप्प झाले. आईसुद्धा गप्पच होती. पण ती बाबा गेल्यापासून गप्पच असायची. सदाशिव पेठेतला आमचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला होता. आई आता माझ्याकडे कायमची येणार होती, तरी बोलायची अशी की जणू चार दिवस पाहुणी आली आहे. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, “तुझं घर, तुझी आवड.” हे वाक्य ऐकायला छान वाटतं. मला मात्र ते प्रत्येक वेळी टोचायचं.

शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी रात्रीच्या स्लीपरने निघाले. बॅगेत दोन कपडे, भिंतीच्या मापाचा कागद आणि पुण्यात पसंत केलेली एक साधी पांढरट टाइल. ती टाइल सोबत घ्यायला मिस्त्रींनीच बजावलं होतं. चित्राची टाइल आणि साधी टाइल यांच्या जाडीत फरक पडला तर भिंतीवर पायरी दिसते, आणि पांढऱ्या रंगातही दहा जाती असतात!

पणजीच्या कदंबा स्टँडवर उतरलं की फोंतेन्हास चालत जाण्याइतकं जवळ आहे. खाडी ओलांडली की पिवळी, गेरूच्या रंगाची, निळी घरं, अरुंद गल्ल्या, आणि दारांशेजारी घराचं नाव किंवा नंबर लिहिलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स. याच त्या आझुलेजो. नाव ऐकून वाटतं की निळ्या रंगावरून आलं असेल. तसं नाही हं, ते अरबी शब्दावरून आलंय, अर्थ गुळगुळीत केलेला छोटा दगड.

पण खरी मेजवानी आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत आहे. आत शिरताच भिंतींवर कामोइंशच्या १५७२ सालच्या महाकाव्यातले प्रसंग, म्हणजे वास्को द गामाची सफर, निळ्या रंगात पसरलेले दिसतात. १९३५ सालचं हे काम जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचं. पोर्तो शहरातल्या साव बेंतो स्टेशनातल्या सुमारे २० हजार टाइल्सही त्याच्याच. मी तिथे चांगला अर्धा तास उभी होते. जवळ गेलं की नुसते चौकोन आणि सांधे दिसतात, चार पावलं मागे आलं की समुद्र! मी तिथेच ठरवून टाकलं, आपल्या शेगडीमागे एक गलबत हवंच.

दुपारी एका छोट्या कार्यशाळेत पोचले. तिथल्या काकांनी माझं गलबत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाय, शेगडीची रुंदी किती? स्विचबोर्ड कुठे? आणि तिथे उभं कोण राहणार?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्याचं अर्धंच होतं. तिसऱ्याला मी म्हटलं, “आई.”

“मग आईला विचारलं?”

झालं! उत्तर नव्हतं म्हणून मी गणिताकडे वळले. काकांनी कागद पुढे ओढला. भिंत सात फूट नऊ इंच, म्हणजे २३६ सेंमी. टाइल १५ सेंमीची, सांधा २ मिलिमीटरचा. मी पहिली टाइल भिंतीच्या बरोबर मध्ये काढली होती. तशा १५ अख्ख्या टाइल्स बसतात, पण दोन्ही टोकांना ४-४ सेंमीच्या चिंध्या उरतात. काकांनी मध्यावर टाइलऐवजी सांधा आणला. आता अख्ख्या टाइल्स १४, आणि टोकांचे तुकडे साडेअकरा सेंमीचे. एवढ्याशा सरकवण्याने भिंत कशी नीटनेटकी दिसायला लागली! ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत दोन फूट, त्यात चार ओळी अख्ख्या बसत होत्या. चित्र चार आडव्या, तीन उभ्या अशा १२ टाइल्सचं. सगळ्यात खालची ओळ साधी, कारण तिथे कढया आणि कुकर चित्र झाकून टाकतात.

“स्विचबोर्ड चित्राच्या उजव्या कडेवर येतोय,” काका म्हणाले. “आत्ताच हलव. टाइल लागल्यावर झिरी मारणार का?”

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. म्हटलं, बोर्ड अजून थोडा उजवीकडे सरकवते, चालेल ना? पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, “डावीकडे घेता येईल का गं?”

“का?”

“अगं, मी डावखुरी आहे ना. वाड्यात मिक्सर कायम उजवीकडे होता. सगळी वर्षं हात आडवा घालून चटणी वाटली.”

आई डावखुरी आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं की! ती लाटणंसुद्धा डाव्या हाताच्या जोरावर फिरवते. पण एवढ्या वर्षांत तिच्या ओट्याबद्दल तिला आमच्यापैकी कुणीच काही विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, मी तर नाहीच. माझा आवाज जरा बसला. म्हटलं, “डावीकडेच घेऊ. आणि चित्र कसलं काढायचं? मी गलबत म्हणत होते.”

“गलबत? स्वयंपाकघरात?” आई हसली. किती महिन्यांनी हसली! “त्यापेक्षा अनंत काढायला सांग. खिडकीबाहेरचा.”

वाड्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर अनंताचं झाड होतं. वाड्याबरोबर तेही गेलं.

काकांना अनंत चटकन पटला. ते म्हणाले, पांढऱ्या टाइलवर पांढरं फूल रंगवायचंच नसतं. भोवतीची पानं निळी करायची, फूल आपोआप उरतं. जुन्या पद्धतीत भट्टीआधीच्या कोरड्या पांढऱ्या लेपावर ब्रश चालतो. लेप रंग पिऊन टाकतो, म्हणून फटकारा चुकला तर पुसता येत नाही. तो निळाही आधी मळकट दिसतो, खरा रंग भट्टीतून बाहेर आल्यावरच कळतो.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. प्रत्येक टाइलच्या पाठीवर क्रमांक होता. भिंतीला हात लावण्याआधी सगळं हॉलच्या फरशीवर मांडून बघितलं: १२ चित्राच्या, ५२ साध्या, वर सहा जादा. तुम्ही हे करणार असाल तर ही मांडणी अजिबात टाळू नका, आणि शेगडीमागे इपॉक्सी ग्राउटच भरा. साध्या सिमेंटच्या सांध्यात फोडणीची हळद कायमची मुक्कामाला येते.

आई कमरेवर हात ठेवून त्या मांडणीभोवती दोनदा फिरली. मग वाकून तिने दोन साध्या टाइल्सची अदलाबदल केली. मिस्त्रींनी विचारलं, “काय झालं, काकू?”

“ही जरा पिवळट आहे. ती कोपऱ्यात लावा,” आई म्हणाली, “माझ्या डोळ्यांसमोर नको.”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघताय? त्यांचा ओटा आहे, त्यांना विचारा!”