दिवा कधी लागतो?

चार हजार हर्ट्झच्या वरचे आवाज तुमच्या कानाला आता कळत नाहीत, असं डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं. वय ६८, म्हणजे हे व्हायचंच. मी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली आणि घरी कुणालाच तो दाखवला नाही. चाळीस वर्षं मी याच कानांवर पोट भरलं आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उमेदवारी करताना मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हर हातात दिला. टोक इंजिनाच्या ब्लॉकला लावायचं, मूठ कानाला. सिंगापुरात आलो तर सिन मिंगच्या गॅरेजात म्हातारे चिनी मिस्त्री तेच करताना दिसले. भाषा कळत नव्हती, तरी पहिल्या दिवसापासून आमचं जमलं.

यंदा आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. मूळचा ठाण्याचा, इथे सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याची कोरोला आल्टिस २०१३ ची. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधून ऑइल गळत होतं, म्हणून सेरांगून गार्डनमधल्या भाड्याच्या घराच्या पोर्चमध्ये त्याने स्वतः चेंबर उतरवला, सिलिकॉन लावून परत बसवला. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी इमारतींच्या, पार्किंगात असलं काही करता येत नाही, म्हणून तो स्वतःला नशीबवान समजत होता. चार दिवसांनी डॅशबोर्डावर तेलाच्या बुधलीचा तांबडा दिवा लागला.

"ऑइल पट्टीवर बरोबर आहे ना? मग स्विच गेला असेल," मी फोनवरच सांगून टाकलं. दिवा कधी लागतो, हे विचारलं नाही.

हा प्रश्न न विचारल्याची बोच अजून आहे. सिग्नलला, इंजिन गरम असताना, आयडलला दिवा मिणमिणतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच विझतो, तेव्हा मनात बेअरिंग येतं. प्रेशरचा काटा ठणठणीत आणि दिवा मात्र आपल्या मर्जीने लागतो, तेव्हा स्विच किंवा वायर. या मुलाचा दिवा पीआयई एक्सप्रेसवेवर ऐंशीच्या वेगात, अर्ध्या तासाने लागत होता. बाजूला थांबून दहा मिनिटांनी सुरू केली की गाडी पुन्हा शहाणी. हे त्याने मला नंतर सांगितलं, कारण आधी मी त्याला बोलूच दिलं नव्हतं.

नवा स्विच बसवूनही दिवा लागलाच. तेव्हा मी गेज घेऊन गेलो. स्विच काढला, त्या भोकात गेजची नळी बसवली, इंजिन गरम होऊ दिलं. जुन्या टोयोटाच्या मॅन्युअलात आयडलला कमीत कमी ०.३ किलो आणि तीन हजार आरपीएमला अडीच ते पाच किलो दिलेलं असायचं. इथे आयडलला सव्वा, तीन हजारला साडेतीन. मी पाना पुसायला लागलो. माझ्या मते काम झालं होतं.

"काका, अजून थोडा वेळ तीन हजारला धरूया का?"

मला ते आवडलं नाही, पण धरलं. किती मिनिटं गेली लक्षात नाही. तो म्हणाला, "काका, टिकटिक येतेय." मी स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला लावला. मला काहीही ऐकू आलं नाही. आणि मी म्हणालो, "हो, येतेय."

या धंद्यात मी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, तेही पोराच्या वयाच्या माणसाला, फक्त मान खाली जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात काटा थरथरला. तीन, दोन, मग अर्ध्या किलोच्या खाली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चेंबर उतरवला. स्ट्रेनरच्या जाळीवर काळ्या शेवया चिकटल्या होत्या, जवळजवळ पूर्ण तोंड झाकून. त्याने सिलिकॉनची धार करंगळीएवढी घातली होती. तीन-चार मिलिमीटर पुरते. जादा सिलिकॉन आत दाबलं गेलं, वाळलं, गरम तेलात सुटं झालं. पंप जोरात ओढायला लागला की शेवया जाळीवर जाऊन बसायच्या, इंजिन थांबलं की खाली गळून पडायच्या. आयडलला म्हणूनच सगळं साफ दिसत होतं.

मला राग येतो तो वेगळ्याच मंडळींचा. दिवा लागला की जाड २०-५० ऑइल ओतून गाडी विकून टाकणारे मी पाहिलेत. स्कॅनर लावून "कोड नाही, गाडी ठीक आहे" म्हणणारेही पाहिलेत. अशा गाड्यांतल्या स्विचला एवढंच कळतं, प्रेशर आहे की नाही; तो कोड कुठून देणार? या देशात १९९० पासून सीओई आहे, दहा वर्षांचा परवाना. इथे गाडी इंजिन संपून मरत नाही, कागद संपून मरते. मग इंजिन उघडायला कोण शिकणार? २०२३ मध्ये सीओई एक लाख डॉलरच्या वर गेलं, तेव्हा या मुलासारख्यांनी जुन्याच गाडीचा परवाना वाढवून घेतला. आता दहा-बारा वर्षांची इंजिनं गॅरेजात येतात आणि तिथल्या पोरांना पार्ट बदलण्यापलीकडे काही येत नाही. मिस्त्रीने गाडीपाशी अर्धा तास थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आणि मी, ज्याला ते माहीत होतं, तोही थांबलो नव्हतो.

चेंबर बसवताना धार त्याने घातली, मी नुसता बघत उभा होतो. गेज लावून वीस मिनिटं तीन हजारला धरलं. काटा साडेतीनवरून हलला नाही. मग मला ऐकू येत नसल्याचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं, काका."

बेअरिंगला काही झालेलं नाही. त्या गाडीचं सीओई २०३३ पर्यंत आहे, आणि इंजिन त्याच्या पुढेही चालेल.