टर्बो इंजिनातील जामीनदार

बँकेच्या कर्ज विभागात दीर्घकाळ काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कर्ज थकले की जामीनदाराच्या दारात नोटीस जाते; परंतु ते त्याच्यामुळे थकलेले असते, असे क्वचितच आढळते. बहुधा कर्जदाराने उलाढालीच्या मानाने अधिक उचल केलेली असते, किंवा माल गोदामात पडून राहिलेला असतो. जामीनदार तेवढा सर्वांच्या नजरेत येतो.

मोटारीच्या इंजिनातील हेड गॅस्केटची स्थिती मला नेमकी अशीच वाटते. ‘गॅस्केट उडाले’ असे मिस्त्री सांगतात, बिलावर त्याचेच नाव येते, आणि आपणही ‘नवे, मजबूत गॅस्केट टाका’ असे सांगून मोकळे होतो. आपल्या घराघरांतून आता लहान इंजिनाच्या, परंतु टर्बो बसवलेल्या पेट्रोल मोटारी आल्या आहेत. तरुण मंडळी त्यांचा टर्बोचा दाब आणखी वाढवून घेऊ लागली आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, यंत्रशास्त्राचा नव्हे. तथापि आमच्या कोल्हापूर परिसरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतकामाच्या कारखान्यांना कर्जे देताना इंजिनाचे ब्लॉक आणि हेड मी खूप जवळून पाहिले, कारागिरांना प्रश्न विचारले, आणि ही जिज्ञासा निवृत्तीनंतरही टिकली.

प्रथम रचना समजून घेऊ. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात. वर झाकणासारखे हेड बसते. या दोहोंमध्ये एक-दीड मिलिमीटर जाडीचे, किंवा त्याहूनही पातळ, गॅस्केट असते. त्याने एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात : सिलिंडरातील जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे कूलंट आणि वंगणाचे तेल. हेडचे बोल्ट ज्या बळाने हे तिन्ही थर आवळून धरतात, ते बळ आतील दाबापेक्षा नेहमी पुरेसे अधिक असावे लागते. बँकेच्या भाषेत हे मार्जिन होय.

आता थोडा हिशोब करू. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. ज्वलनाच्या वेळी आतील दाब १०० बारपर्यंत गेला, तर हेडला वर ढकलणारे बळ प्रत्येक सिलिंडरमागे साडेचार टनांच्या आसपास होते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर असा तडाखा प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला ५० वेळा बसतो. टर्बोचा दाब वाढवला की अधिक हवा, अधिक इंधन आणि अधिक मोठा तडाखा, असा क्रम असतो. बोल्ट मात्र तेच आणि मार्जिन पूर्वीपेक्षा कमी.

एवढ्यानेही गॅस्केट लगेच जात नाही. खरा घात करतो तो नॉक, म्हणजे इंजिनाची खडखड. योग्य ज्वलनात ठिणगीपासून निघालेली ज्योत क्रमाने पसरते. परंतु हवा फार तापलेली असेल, इंधनाचा ऑक्टेन कमी असेल किंवा ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडत असेल, तर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वी एकदम पेटते. त्यातून दाबाचे जे तीक्ष्ण झटके बसतात, ते हेड क्षणभर उचलतात आणि गॅस्केटच्या कडा ठोकून काढतात.

हा धडा मोटार उद्योगाला जुनाच आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर ही टर्बो मोटार आणली. तिच्या अॅल्युमिनियमच्या व्ही-८ इंजिनात कॉम्प्रेशनचे प्रमाण १०.२५ इतके ठेवले होते, आणि त्यावर पुन्हा टर्बो. नॉक टाळण्यासाठी शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप मर्यादित होई. कल्पना उत्तम होती. पण अनेक मालक टाकी भरायलाच विसरत आणि मग गाडीत जोर नाही अशी तक्रार करीत. १९६३ नंतर ती मोटार बंद झाली. पुढे स्वीडनच्या साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी इंजिनाची खडखड सेन्सरने ओळखून टर्बोचा दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली. जी शिस्त मालकाने पाळायची होती, ती यंत्राकडे सोपवली गेली. आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल मोटारीत असा सेन्सर असतोच.

मग इतकी खबरदारी असूनही गॅस्केट का जाते? याचे उत्तर मला माझ्या पुतण्याच्या मोटारीने दिले.

पुतण्याचा कापडाचा व्यवसाय आहे. वसुलीसाठी आणि ऑर्डरसाठी तो रत्नागिरीपर्यंत स्वतः गाडी चालवत जातो. त्याने एका कार्यशाळेतून इंजिनाच्या संगणकातील मॅप बदलून घेतला होता. टर्बोचा दाब वाढला, गाडी उसळू लागली. काही महिन्यांनी एक विचित्र लक्षण दिसू लागले. गावात गाडी अगदी ठीक. आंबा घाट चढताना मात्र तापमान वाढे आणि कूलंट टाकीतून बाहेर फेकले जाई. एकदा पत्नी आणि दोन लहान मुले सोबत असताना, संध्याकाळच्या वेळी, घाटाच्या वळणावर गाडी बंद करून त्याला तासभर थांबावे लागले. मागून अवजड ट्रक येत होते. ते ऐकल्यावर माझ्या दृष्टीने हा प्रश्न हौसेचा राहिला नाही.

कार्यशाळेचा सल्ला असा होता : अनेक पदरी स्टीलचे गॅस्केट टाका, बोल्टांऐवजी उच्च ताकदीचे स्टड बसवा, मग दाब आणखी थोडा वाढवता येईल. पुतण्या माझ्याकडे पैशासाठी आला. मी त्याला इतकेच विचारले, “गॅस्केट गेले हे खरे, पण कशामुळे गेले, हे कोणी पाहिले का?” ते कोणी पाहिले नव्हते. कर्जाचा अर्ज अशा कारणाने मी अनेकदा परत केला आहे.

आम्ही गाडी एका जुन्या, परिचित मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून तपासणी केली. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर तो द्रव पिवळा होतो. तो पिवळा झाला. मग त्यांनी स्पार्क प्लग काढून भिंगाखाली दाखवले. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे आणि काही चकाकणारे बारीक ठिपके होते. “साहेब, हे पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे,” ते म्हणाले. “इंजिन खडखडतंय. गॅस्केट बिचारं आधी गेलं म्हणून पिस्टन वाचला.”

पुढचा प्रश्न पेट्रोलचा निघाला. नवा मॅप अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेला होता. तेव्हा आपल्याकडे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ असे. ९५चे महाग पेट्रोल शहरात मिळे, १००चे मोजक्याच पंपांवर. कोकणातल्या फेऱ्यांत पुतण्या मिळेल ते साधे पेट्रोल भरत होता. शिवाय मॅप बदलताना, खडखड झाल्यास ठिणगी मागे घेण्याची जी मर्यादा मूळ संगणकात होती, तीही सैल केलेली होती. जेटफायरची रिकामी टाकी आणि ही गाडी यांच्यात तत्त्वतः काहीच अंतर नव्हते.

यातून मला जे समजले ते असे की गॅस्केट मजबूत करणे हा शेवटचा उपाय आहे. कारण दूर न करता जामीनदार बदलला, तर पुढची नोटीस पिस्टनच्या किंवा कनेक्टिंग रॉडच्या नावे निघते, आणि ती रक्कम कितीतरी मोठी असते.

ज्यांना टर्बोचा दाब वाढवायचाच आहे, त्यांनी क्रम पाळावा. प्रथम इंधन : रोजच्या मार्गावरील पंपांवर जे पेट्रोल खात्रीने मिळते, त्यासाठीच मॅप लिहून घ्यावा. दुसरे, हवेचे तापमान : टर्बोने दाबलेली हवा तापते; ती थंड करणारा इंटरकूलर पुरेसा मोठा आणि स्वच्छ असावा. तिसरे, ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण : थोडी शक्ती सोडून सुरक्षित बाजूला राहावे, आणि नॉक सेन्सर कोणत्याही परिस्थितीत बंद करू देऊ नये. चौथे, कूलंट : निव्वळ पाणी घालू नये. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण, टाकीचे दाब धरणारे झाकण शाबूत असल्यास, सव्वाशे अंशांच्या आसपास उकळते. झाकण निकामी असेल तर ते त्याहून बरेच आधी उकळू लागते. काही शे रुपयांच्या झाकणावर हजारोंचे हेड अवलंबून असते.

हे सर्व झाल्यावर मग गॅस्केट आणि बोल्ट. अनेक पदरी स्टीलचे गॅस्केट उत्तमच. पण त्याला आरशासारखा सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. तापून वाकलेले हेड सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजावे. अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक वाक चालत नाही. फेसिंग यंत्रावरच करावे. हातातील एमरी चक्तीने घासलेला पृष्ठभाग स्टीलचे गॅस्केट मान्य करीत नाही. फेसिंगमध्ये धातू कमी झाला की कॉम्प्रेशन वाढते आणि खडखडीचा धोकाही वाढतो, म्हणून त्या प्रमाणात जाड गॅस्केट घ्यावे. आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. ते पुन्हा वापरू नयेत. नवे बोल्ट टॉर्क पान्याने, मध्यापासून कडेकडे, कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्यानेच आवळावेत.

वाचकांनी लक्षणेही ध्यानात ठेवावीत. गळती न दिसता कूलंट कमी होणे, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा पाइप कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे, धुराला गोडसर वास, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर. टर्बो इंजिनात यांपैकी काहीही सुरुवातीला केवळ जोर लावल्यावर दिसते. काटा चढला की गाडी बाजूला घ्यावी, आणि तापलेल्या टाकीचे झाकण उघडू नये. आणखी एक व्यवहाराची बाब : साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाडाची भरपाई मिळत नाही, इंजिनात बदल केल्यास कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि विमा कंपनीलाही त्याची कल्पना द्यावी लागते. ही जोखीम सर्वस्वी आपल्या खात्यावर असते.

पुतण्याने मूळ मॅप परत टाकून घेतला. हेडचे फेसिंग झाले, नवे गॅस्केट, नवे बोल्ट बसले. त्यासाठी पैसे मी दिले. “काका, आधी घातलेले पैसे वायाच गेले की,” असे तो म्हणाला. गेलेल्या पैशासाठी आणखी पैसे घालावेत का, हा प्रश्न दुकानातल्या न खपणाऱ्या मालाबाबत तो स्वतःच किती चोखपणे सोडवतो, याची मी त्याला आठवण करून दिली. गाडी आता पूर्वीसारखी उसळत नाही, हे त्याला आजही थोडे खटकते. घाटातून मात्र ती सहकुटुंब, सामानासह, एकही थेंब कूलंट न सांडता वर येते.

व्यापारात उधारीची मर्यादा आपण ग्राहकाच्या ऐपतीवरून ठरवतो, त्याच्या इच्छेवरून नव्हे. इंजिनालाही त्याची ऐपत असते. ती वाढवायची असेल तर पाया आधी वाढवावा, उचल नंतर.