मनाली ते लेह : साठीनंतरचा प्रवास आणि पायांवरचे वस्त्र

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर वसले आहे. लेहच्या वाटेवरील तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या आसपास आहे. दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारणतः सहा अंशांनी थंड होते. जुलैच्या पावसात देवदारांमधून निघालेला मोटरसायकलस्वार अटल बोगद्याच्या पलीकडे लाहौलमध्ये येतो, तेव्हा कोरडा, बोचरा वारा त्याचे स्वागत करतो. दारच्याच्या पुढे, बारालाचा ला चढताना, वितळलेल्या बर्फाचे ओढे रस्त्यावरूनच वाहतात आणि दुपारच्या उन्हाने त्यांचे पाणी वाढते. मोरे मैदानात मैलोगणती सावली नाही. आहे ती केवळ धूळ.

या वाटेवर आता साठी ओलांडलेले स्वार आणि मागे बसलेल्या त्यांच्या सहधर्मचारिणीही दिसतात. त्यांच्या उत्साहाचे कौतुकच आहे. मात्र प्रवासापूर्वी प्रकृती तपासून घेण्यास येणारे ज्येष्ठ हेल्मेटविषयी भरभरून बोलतात. कमरेखाली काय घालणार, असे विचारले की उत्तर येते, ‘जीन्स आहे ना!’

साधी जीन्स रस्त्यावर घासताच फाटते आणि भिजली की लवकर वाळत नाही. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, त्वचा पातळ होते आणि थंडीची जाणीव उशिरा होते. हळू वेगात तोल गेला तरी खुब्याचे हाड मोडू शकते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास मुका मारही गंभीर ठरतो. म्हणून गुडघ्यांवर आणि खुब्यांवर संरक्षक पॅड असलेली पँटच घ्यावी. पॅडवर ‘ईएन १६२१-१’ हे युरोपीय मानक आणि शक्यतो दुसरी पातळी नोंदलेली असावी. कापडासाठी ‘ईएन १७०९२’ हे मानक आहे. त्यात ‘ए’पेक्षा ‘एए’ आणि त्याहून ‘एएए’ श्रेणी अधिक टिकाऊ.

पाणी अडवणारा थर बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असेल, तर कापड पाणी शोषत नाही. तो थर आतल्या अस्तरात असेल, तर अंग कोरडे राहते. पण बाहेरचे कापड भिजून जड होते आणि वाऱ्यात गारठते. पहिला प्रकार महाग असला तरी या वाटेसाठी उत्तम. आत सुती कपड्याऐवजी लोकरीचा थर घालावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. उंचावरील कोरड्या हवेत शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. प्रोस्टेटचा त्रास असलेले किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणारे ज्येष्ठ, पँट उतरवण्याची दगदग नको म्हणून पाणी पिणेच टाळतात. त्यातून चक्कर येते, थकवा येतो आणि तोल जातो. म्हणजे पँट पडल्यावर वाचवते खरी. पण गैरसोयीची असेल, तर पडण्याचे कारणही तीच होते! कमरेला ताण घेणारा पट्टा, मोठी चेन आणि बूट न काढता पँट उतरवता येईल अशी पायांच्या बाजूची लांब चेन, या सोयी म्हणूनच आवश्यक आहेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आणि गोळीची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

पँट उभ्याने नव्हे, मोटरसायकलवर बसून पारखावी. बसल्यावर पॅड गुडघ्याच्या वाटीवरच राहिले पाहिजे आणि पोटावर आवळ येता कामा नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर सायलेन्सरकडील बाजूस उष्णतारोधक कापड आहे ना, हे पाहावे.

घरच्यांनी एवढे करावे : निघण्यापूर्वी पंधरा दिवस, बूट-हातमोज्यांसह संपूर्ण पोशाखात त्यांना दोन तास गाडी चालवू द्यावी. परतल्यावर पाण्याची बाटली पाहावी. ती भरलेलीच असेल, तर पँट बदलावी. प्रवास रद्द करण्याची गरज नाही.